रजिस्टरमधला एक बिट बदलताना

मराठी ज्ञानभाषा व्हावी म्हणून आपण परिभाषाकोश पुष्कळ केले. कोश हवेतच, पण एखादी तांत्रिक क्रिया पायरीपायरीने उलगडणारा परिच्छेद कोशातून आपोआप निघत नाही. व्यावहारिक मराठी शिकवताना मला हे वारंवार जाणवते. एरवी घडाघडा मराठी बोलणारी मुले संगणकाचा विषय निघाला की वाक्य अर्ध्यावर सोडतात. म्हणून येथे मी एक लहान पण काटेकोर विषय निवडला आहे : सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये मोजके बिट बदलायचे आणि शेजारच्या बिटांना धक्का लागू द्यायचा नाही. माझा अभ्यास साहित्याचा असला, तरी पाठसंपादन करणाऱ्याला यातली अडचण चटकन ओळखता येईल.

रजिस्टर आणि त्यातील घरे

ड्रायव्हर म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली आणि उपकरण यांच्यात बोलणी करणारा प्रोग्राम. उपकरणाच्या आत काही ठरावीक जागा असतात. तेथे लिहिले की उपकरणाचे वागणे बदलते आणि वाचले की त्याची स्थिती कळते. या जागा म्हणजे रजिस्टर. लहान सेन्सरमध्ये एका रजिस्टरात बहुधा ८ बिट असतात आणि प्रत्येक बिट ० किंवा १ असतो.

बॉश कंपनीचा बीएमपी२८० हा हवेचा दाब व तापमान मोजणारा सेन्सर घेऊ. त्याच्या एका नियंत्रण-रजिस्टरात तीन गोष्टी दाटीवाटीने बसवल्या आहेत. डावीकडचे ३ बिट तापमानाचे नमुने किती पट घ्यायचे हे ठरवतात, मधले ३ दाबाचे, आणि शेवटचे २ सेन्सरने झोपायचे की मोजत राहायचे हे ठरवतात. समजा, तेथे ०१० १०१ ११ आहे. म्हणजे तापमान २ पट, दाब १६ पट, आणि सेन्सर सतत मोजतो आहे.

आता तापमान १ पटीवर आणायचे आहे, म्हणजे पहिले ३ बिट ००१ करायचे आहेत. पण सेन्सरशी जोडणाऱ्या आय-टू-सी मार्गावरून एकटा बिट पाठवता येत नाही. पूर्ण ८ बिटांचा घास द्यावा लागतो. घाईने ००१ ००० ०० असे लिहिले, तर तापमान हवे तसे होईल. पण दाबाची मोजणी बंद पडेल आणि सेन्सर झोपी जाईल. एक मात्रा सुधारायला जाऊन सगळी ओळ पुसावी, तसे हे झाले.

वाचा, बदला, लिहा

यावरचा उपाय तीन पायऱ्यांचा आहे. आधी रजिस्टर वाचायचे. मग ज्या घरांना हात लावायचा तेवढ्यांवर १ असलेला मास्क घ्यायचा. येथे तो १११ ००० ००. मास्क उलटा करून वाचलेल्या मूल्याशी 'आणि' क्रिया केली, की ती तीन घरे रिकामी होतात : ००० १०१ ११. त्यात नवे ००१ 'किंवा' क्रियेने बसवले, की ००१ १०१ ११ मिळते. ते परत लिहायचे. दाब आणि स्थिती जिथल्या तिथे राहतात. वाचन फसले, तर मात्र लिहायचेच नाही. हाती आलेल्या कचऱ्यावर दुरुस्ती करण्यात अर्थ नसतो.

दोन संपादक, एक प्रत

खरा धोका पुढे आहे. एकाच हस्तलिखिताची नक्कल दोन अभ्यासकांनी घरी नेली. एकाने पहिली ओळ सुधारली, दुसऱ्याने शेवटची, आणि दोघांनी आपापली पूर्ण प्रत मूळ जागी ठेवली, तर नंतर येणाऱ्याची प्रत राहते. आधीच्याची दुरुस्ती जाते.

ड्रायव्हरमध्येही एकाच वेळी दोन कामे चालू असू शकतात. पहिले काम तापमान बदलते, दुसरे सेन्सरला झोपवते. दोघेही ०१० १०१ ११ वाचतात. पहिले ००१ १०१ ११ लिहिते. दुसरे आपल्याकडच्या जुन्या प्रतीवरून ०१० १०१ ०० लिहिते. तापमानाचा बदल नाहीसा होतो. कुठेही चूक नोंदली जात नाही, आणि दोष रोज दिसतही नाही. क्वचितच, दोन कामांची वेळ जुळली तरच तो उमटतो. म्हणून तो शोधणे जिकिरीचे.

यासाठी वाचण्याआधी कुलूप लावायचे आणि लिहून झाल्यावर काढायचे. आय-टू-सीवरील देवघेवीला वेळ लागतो, म्हणून येथे 'म्युटेक्स' हे वाट पाहताना झोपू देणारे कुलूप योग्य ठरते. लिनक्समध्ये २०११ साली आलेल्या 'रेगमॅप' या सोयीत 'रेगमॅप_अपडेट_बिट्स' नावाचे फंक्शन आहे. त्याला रजिस्टर, मास्क आणि नवे मूल्य दिले की कुलूप, वाचन, बदल व लेखन ते स्वतः करते. मूल्य बदलतच नसेल, तर लिहिणेही टाळते.

जेथे हा नियम चालत नाही

तरी हे कुलूप एका बदलापुरतेच असते. बीएमपी२८०च्या दुसऱ्या एका रजिस्टरात सेन्सर सतत मोजत असताना लिहिले, तर ते लेखन दुर्लक्षिले जाऊ शकते. म्हणून आधी झोपवणे, मग लिहिणे, मग जागे करणे असा क्रम लागतो. या तिन्ही पायऱ्यांमध्ये दुसऱ्या कामाने शिरू नये, यासाठी ड्रायव्हरने स्वतःचे कुलूप सगळ्या क्रमाभोवती लावावे.

काही उपकरणांच्या सूचना-रजिस्टरात १ लिहिला की तो बिट पुसला जातो. तेथे वाचून परत लिहिले, तर आपण न पाहिलेल्या सूचनाही पुसल्या जातात. अशा ठिकाणी फक्त हव्या त्या घरात १ आणि बाकी सर्वत्र ० लिहावे. काही रजिस्टरे नुसती वाचली तरी रिकामी होतात. तेव्हा मास्क हाती घेण्यापूर्वी त्या उपकरणाची माहितीपुस्तिका वाचणे आलेच.

या लेखात रजिस्टर, बिट, मास्क हे शब्द मी तसेच ठेवले; मुलांच्या तोंडी ते रुळले आहेत. पुसणे, बसवणे, झोपवणे, कुलूप लावणे ही क्रियापदे मात्र आपलीच आहेत, आणि समजावण्याचे बरेचसे काम त्यांनी केले. आपापल्या महाविद्यालयांतील मराठीच्या शिक्षकांनी विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांकडून असा एकेक परिच्छेद लिहून घ्यावा. कोशातील कोणता शब्द खरोखर कामी येतो, हे त्यातूनच कळेल.