लाजरं पिल्लू, घरातलं जुनं मांजर आणि पहिली भेट : पेपर काय सांगतात?

पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो : पार्किंगमध्ये गाडीच्या चाकामागे अंग चोरून बसलेलं मांजराचं पिल्लू. कोणीतरी दया येऊन ते घरी नेतं. घरात आधीपासून एक मनी असते. त्याच संध्याकाळी दोघांची ओळख करून दिली जाते. मनी फिसकारते, पंजा मारते, पिल्लू कपाटामागे जाऊन बसतं ते दोन दिवस बाहेर येत नाही. आठवडाभराने 'यांचं काही जमत नाही' असं ठरतं आणि पिल्लू परत पार्किंगमध्ये. तिथे गाड्या आहेत, कुत्री आहेत, पाऊस आहे. तेव्हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी तर हा प्रश्न फारच चांगला आहे. यावर प्रत्येकाचं ठाम मत असतं, पण पुरावा मात्र वेगवेगळ्या पेपरमध्ये विखुरलेला आहे. तो एकत्र कसा वाचायचा, हे आज बघू.

लाजरेपणा नक्की कशामुळे?

१९८०च्या दशकात फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी पिल्लांचे गट केले. काहींना तिसऱ्या आठवड्यापासून रोज हाताळलं, काहींना सातव्या आठवड्यापासून, काहींना अजिबात नाही. तिसऱ्या आठवड्यापासून हाताळलेली पिल्लं माणसाजवळ सर्वांत जास्त वेळ थांबत. अशा कामांतून साधारण २ ते ७ आठवडे हा माणसाळण्याचा 'संवेदनशील काळ' मानला जाऊ लागला. पार्किंगमध्ये सापडलेल्या पिल्लाचा हा काळ बहुधा संपलेला किंवा संपत आलेला असतो.

पण थांबा, गोष्ट एवढ्यावर संपत नाही. १९९५ मध्ये सँड्रा मॅक्यून यांचा पेपर आला. त्याचं डिझाइन वहीत काढून ठेवावं इतकं सुटसुटीत आहे. दोन प्रकारचे बाप : माणसांशी मैत्रीने वागणारे बोके आणि तसे न वागणारे बोके. दोन प्रकारचं संगोपन : लहानपणी हाताळलेली पिल्लं आणि न हाताळलेली. म्हणजे दोन गुणिले दोन. पिल्लं वर्षाची झाल्यावर चाचण्या घेतल्या. माणसांशी वागण्यात बाप आणि हाताळणं, दोन्हींचा परिणाम दिसला. पण अनोळखी वस्तूसमोर ठेवल्यावर फक्त बापाचा परिणाम दिसला. बोका पिल्लांच्या संगोपनात नव्हताच, त्यामुळे हा वारसा शिकवणीतून आलेला नाही. तो धीटपणा आनुवंशिक.

याचा अर्थ आपण ज्याला एकच 'लाजरेपणा' म्हणतो, त्यात निदान दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत : माणसांची सवय नसणं आणि मुळातला बुजरा स्वभाव. सवय हाताळण्याने बदलते. स्वभावाला मात्र वेळच द्यावा लागतो. पिल्लाला दिवसभर मांडीवर दाबून धरलं की 'सवय होईल' ही समजूत इथे लंगडी पडते.

जुन्या मांजराची बाजू

पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशियातलं रानमांजर. २००७ मध्ये 'सायन्स'मधल्या जनुकीय अभ्यासाने ही वंशावळ स्पष्ट केली. हा प्राणी एकट्याने शिकार करणारा. कुत्र्यासारखी कळपात वरचढ-दुय्यम ठरवण्याची त्याची पद्धत नाही. भटकी मांजरं गटाने राहतात तेव्हाही त्या गटाचा गाभा बहुतेकदा एकमेकींच्या नात्यातल्या माद्यांचा असतो. अनोळखी मांजराला तिथे सहजासहजी प्रवेश नसतो.

आपला कोण आणि परका कोण, हे मांजर मुख्यतः वासावरून ठरवतं. गालाजवळच्या ग्रंथींचा वास ते दाराच्या चौकटीला, सोफ्याला, तुमच्या पायाला घासून ठेवतं. म्हणून मनी फिसकारते तेव्हा ती 'जळत' नसते. तिच्या वासाच्या नकाशात अचानक एक अनोळखी ठिपका आलेला असतो. तिला रागावून तो ठिपका ओळखीचा होणार नाही.

खोक्याचा प्रयोग

नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात उट्रेख्त विद्यापीठाच्या क्लॉडिया विंके आणि सहकाऱ्यांनी नव्याने आलेली १९ मांजरं घेतली. १० जणांना लपायला खोका दिला, ९ जणांना दिला नाही. ताणाची ठरलेली मोजपट्टी वापरून १४ दिवस निरीक्षण केलं. २०१४ मध्ये आलेला निष्कर्ष असा : तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोकेवाल्या मांजरांचा ताण स्पष्टपणे कमी होता. १४ दिवसांनंतर मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच.

हा निकाल नीट वाचा. 'खोक्यामुळे ताण जातो' एवढंच लिहिलंत तर व्हायव्हामध्ये अडकाल. निकाल सांगतो की खोका मिळालेली मांजरं *लवकर* सावरली. मोजणी फक्त चौदाव्या दिवशी केली असती, तर खोका निरुपयोगी ठरला असता! मोजायचं कधी, हा प्रश्न मोजायचं काय याइतकाच महत्त्वाचा असतो. आणि घरापुरता अर्थ असा : लपलेल्या पिल्लाला ओढून बाहेर काढू नका. लपणं हाच त्याचा सावरण्याचा मार्ग आहे.

पहिली भेट

आता मुख्य पेपर. २००५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने, आधीच मांजर असलेल्या आणि निवाऱ्यातून आणखी एक मांजर दत्तक घेतलेल्या लोकांना प्रश्नावली पाठवली. सुमारे निम्म्या घरांत सुरुवातीला ओचकारणं-चावणं झालं होतं. पुढेही भांडणं चालू राहण्याशी ज्या गोष्टींचा संबंध दिसला, त्यांत पहिल्या भेटीतलं आक्रमक वागणं हे महत्त्वाचं होतं. नर की मादी, वयाचं अंतर किती, घरात मांजरं किती, यांचा तसा संबंध आढळला नाही.

इथे दोन ठिकाणी थांबायला हवं. एक, हा सर्व्हे आहे, प्रयोग नाही. पहिली भेट बिघडली म्हणून पुढचं बिघडलं, की मुळात न जुळणाऱ्या जोड्यांची पहिली भेटही बिघडते? सहसंबंध हे सांगत नाही. दोन, त्यातली दत्तक मांजरं ३ महिन्यांपेक्षा मोठी होती. आठ आठवड्यांच्या पिल्लाला तोच निष्कर्ष लावताना आपण एक उडी मारतो, ते लक्षात ठेवा.

तरीही निर्णय घ्यायचा तर बाजू स्पष्ट आहे. भेट आठवडाभर लांबवण्याचा खर्च म्हणजे थोडी गैरसोय. घाईची किंमत मात्र पिल्लाला मोजावी लागते.

मग वन बीएचकेमध्ये करायचं काय?

पुढचा क्रम प्रामुख्याने पशुवैद्यकांच्या अनुभवातून आलेला आहे, पण वरच्या पेपरांशी तो जुळतो.

१. आधी डॉक्टर. पिल्लामार्फत पॅनल्युकोपेनियासारखा जीवघेणा आजार घरात येऊ शकतो, आणि त्याचा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर महिनोन्महिने टिकतो. पिल्लाची तपासणी करून घ्या, जुन्या मांजराची लस झाली आहे का ते बघा, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा.

२. बेडरूम पिल्लाची. तिथे खोका, पाणी, खाणं आणि शी-शूचा वेगळा ट्रे. हॉल-किचन मनीचं, तिच्या वेळापत्रकात काहीही बदल नको.

३. वासाची ओळख. पिल्लाच्या अंगाखालचं फडकं मनीच्या बशीपासून थोडं लांब ठेवा, तिचं फडकं पिल्लाकडे. नाकाला लावू नका. मनी हुंगून निघून गेली, की पुढची पायरी.

४. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. मग फट किंवा जाळी. मग काही मिनिटांची भेट, दोरीच्या खेळण्यासह. पिल्लाला हातात धरून मनीसमोर नेऊ नका, त्याला पळायला वाट हवी. एकटक रोखून बघणं, कान मागे पाडणं, शेपटी आपटणं दिसलं की एक पायरी मागे.

५. पिल्लाची तुमच्याशी ओळख. जमिनीवर बसा, सावकाश डोळे मिटा, उघडा. ससेक्स विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं की अनोळखी माणसाने असं केल्यावर मांजरं त्याच्या हाताकडे जास्त येतात. फुकटचा उपाय आहे, करून बघा.

'रुळलं' म्हणजे काय?

शेवटचा मुद्दा तुमच्या रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरसाठीही कामाचा आहे. 'अजून रुळलं नाही' हे वाक्य मोजता येत नाही. त्याऐवजी रोज ठरलेल्या वेळी तीन नोंदी करा : पिल्लाने किती ग्रॅम खाल्लं, खोक्याबाहेर किती मिनिटं होतं, दोघांच्या बशा दारापासून किती अंतरावर असताना दोघंही शांतपणे जेवली. रोजचा आकडा वरखाली होईल, त्याने घाबरू नका, आठवड्याचा कल बघा. अंतर हळूहळू कमी होत असेल तर तुमचं बरोबर चाललंय, मग भले तीन आठवडे लागोत.

अपवाद फक्त खाण्याच्या नोंदीचा. एवढंसं पिल्लू दिवसभर काही खात नसेल, तर तिथे कल बघत बसायचं नाही. तो लाजरेपणा नसतो, सरळ दवाखाना गाठायचा.