बांबू: कागद गिरणी ते कार्यशाळा

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांतला बांबू विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या प्रमाणावर बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे गेला. सूप, टोपली, चटई विणणारे बुरूड याच जंगलांच्या कडेने राहत. त्यांना मात्र सवलतीच्या दराने आणि तोही ठरावीक संख्येतच बांबू मिळे. कसब होते, अडत होते ते मालावाचून.

ही अडचण प्रथम कायद्याने सुटू लागली. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात आणला. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच लागे. परवान्यावाचून हा हक्क कागदावरच राहिला असता. 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवाना पुस्तक गावात येऊन गावाचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिले आणि ग्रामसभेचा बांबू उघडपणे बाजारात आला. 2017 मध्ये वनेतर जमिनीवरील बांबू भारतीय वन कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतूनही वगळण्यात आला.

प्रशिक्षणाची मोठी सरकारी सोय मेंढ्याला परवाना मिळाल्यानंतरची. चंद्रपूर-मूल मार्गावरील चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारण्याचा निर्णय राज्य शासनाने 2014 मध्ये घेतला. बुरुडाच्या घरी कोयता आणि नजर यांवर काम चाले. केंद्राच्या कार्यशाळेत यंत्रे आली, आणि त्याहून महत्त्वाची अशी प्रक्रिया आली. बांबूतील पिष्टामुळे त्याला भुंगा लागतो. बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात तो मुरवला, की वस्तू वर्षानुवर्षे टिकते. फर्निचर विकायचे तर एवढे शिकावेच लागते. 

चंद्रपूर शहराला या कामाची गरज वेगळ्या कारणाने होती. कोळसा खाणी आणि औष्णिक वीज केंद्राच्या या शहर-परिसराचा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या निर्देशांकात देशात चौथा क्रमांक होता; प्रदूषण न करणारा रोजगार इथे हवा होता. शहरातील बंगाली कॅम्प वस्तीत मीनाक्षी वाळके यांनी चिचपल्लीला शिकून बांबूच्या राख्या, दागिने व शोभेच्या वस्तूंचा उद्योग उभा केला आणि इतर महिलांनाही शिकवले. वस्तीतल्या बाईला घराजवळ बसून करता येईल असे हे काम आहे, आणि त्याला भांडवलही बेताचेच लागते.

मोठी अवजारे मात्र प्रत्येकीला विकत घेता येत नाहीत; ती सर्वांनी मिळून वापरायच्या कार्यशाळेची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 पासून फॅब लॅब, म्हणजे अशीच सामायिक कार्यशाळा, चालते. तिथे शिकणारा वस्तू घडवता घडवताच शिकतो. चंद्रपूर-गडचिरोलीत अशी अवजारे एखाद्या केंद्रापुरती ठेवून भागणार नाही. शिकून गेलेल्या बाईला करवत, ड्रिल आणि प्रक्रियेची टाकी वस्तीतच मिळाली, तरच तिच्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रातून कमाई होते.