दोन पाकळ्यांची झडप

अंधारी खोली, डाव्या कुशीवर वळून पडलेला माणूस, छातीवर थंडगार जेल. टू-डी इको करून घेतलेल्यांना हे ओळखीचं आहे. पडद्यावर करड्या सावल्या हलत असतात, आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. डॉक्टर मात्र एका जागी थबकतात.

ती जागा महाधमनीच्या झडपेची. हृदयातून शरीराकडे निघालेलं रक्त याच दारातून बाहेर पडतं. दाराला पाकळ्या तीन. शंभरातल्या एक-दोघांना जन्मतःच दोन, आणि त्यांत पुरुष जास्त. हृदयाच्या जन्मजात दोषांत सर्वाधिक आढळणारा हाच. तरी बहुतेकांना पन्नाशीपर्यंत त्याचा पत्ताही नसतो.

छातीच्या हाडालगत, डाव्या बाजूला बरगड्यांच्या फटीत प्रोब ठेवून फिरवला की झडप समोरून दिसते. निरोगी झडप मिटली की मर्सिडीजच्या चिन्हासारखी, उघडली की त्रिकोणी. दोन पाकळ्यांची झडप माशाच्या तोंडासारखी लांबट उघडते. चकवा आहे तो इथे. एकमेकींना चिकटलेल्या पाकळ्यांमध्ये अनेकदा शिवणीसारखी रेघ राहते, त्यामुळे मिटलेली असताना हीच झडप तीन पाकळ्यांची भासते. ती पाहायची ती उघडताना. एका स्थिर फोटोवर भरवसा ठेवणाऱ्याची हमखास फसगत होते.

मग डॉप्लर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणं; अशी झडप अरुंद झाली आहे का, ते त्यातून कळतं. बागेतल्या नळीच्या तोंडावर बोट दाबलं की धार जोरात उडते, तसंच अरुंद झडपेतलं रक्त. निरोगी झडपेतून ते सेकंदाला साधारण एक-दीड मीटर वेगानं जातं. वेग चार मीटरवर गेला की आकुंचन गंभीर. हे सगळं सुईशिवाय कळतं. 1953 साली स्वीडनमधल्या लुंडला इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र उसनं घेऊन हृदयाकडे वळवलं, तिथून इकोची विद्या सुरू झाली.

रिपोर्टात 'बायकस्पिड', म्हणजे दोन पाकळ्यांची, हा शब्द दिसला तर घाबरून लगेच ऑपरेशनचा खर्च विचारत सुटू नका. अनेकांना वर्षानुवर्षं फक्त ठरावीक काळानं इको करत राहावा लागतो. पण महाधमनीची रुंदी लिहिली आहे का, ते जरूर पाहा. या झडपेबरोबर ती फुगण्याचा धोका असतो. आणि हा दोष घराण्यात उतरू शकतो, तेव्हा आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचाही एकदा इको करून घ्या.