कॅपिटॉलचे नागरिकशास्त्र

सुझन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’मधला (२००८) पानेम हा देश वसलाय उत्तर अमेरिकेत, थाट मात्र पुरता रोमन. राजधानी कॅपिटॉलमधल्या माणसांची नावेसुद्धा सीझर, सेनेका, प्लुटार्क, सिना! तिथल्या नागरिकाने खावे-प्यावे, खेळ बघावेत, राज्यकारभारात नाक खुपसू नये. मेजवानीत पोट भरले की उलटी करवणारे पेय घ्यायचे आणि पुन्हा खायला मोकळे. याला तिथे शिष्टाचार म्हणतात.

खरी मेख ‘टेसेरा’त आहे. प्राचीन रोममध्ये टेसेरा म्हणजे धान्यवाटपाचे टोकन, नागरिकाच्या हक्काचे. पानेममध्ये १२ ते १८ वयाच्या गरीब मुलांनी टेसेरा घेतला, तर एका माणसाला वर्षभर जेमतेम पुरेल इतके धान्य आणि तेल मिळते. बदल्यात त्या जीवघेण्या खेळांच्या आखाड्यात कोणाला धाडायचे, त्या सोडतीत त्यांच्या नावाची एक चिठ्ठी वाढते. शिवाय जुन्या चिठ्ठ्या बाद होत नाहीत, दरवर्षी साठत जातात. तीन माणसांच्या घरासाठी टेसेरा घेत आलेल्या नायिका कॅटनिसच्या नावाने सोळाव्या वर्षी २० चिठ्ठ्या असतात. मोठे कुटुंब पोसणाऱ्या तिच्या मित्राच्या, गेलच्या नावाने ४२.