तलवार बोलते, कॉनन गप्प!
एका गाजलेल्या तलवारबाजीपटाच्या जमेच्या आणि पडत्या बाजू

तलवारी, जादूटोणा, अजस्र साप आणि सूडाची आग! १९८२ सालच्या ‘कॉनन द बार्बेरियन’मध्ये हा सगळा ऐवज ठासून भरलाय. थुल्सा डूम नावाचा मांत्रिक एका चिमुरड्याच्या आईबापांना त्याच्या डोळ्यांदेखत ठार मारतो. पोरगा गुलामगिरीत वाढतो आणि मोठा झाल्यावर त्या मांत्रिकाचा माग काढतो. गोष्ट एवढीच. पण दिग्दर्शक जॉन मिलियस यांनी ती अशा थाटात सांगितली की आर्नोल्ड श्वार्झनेगर हे नाव जगभर पोचलं. हा सिनेमा गप्प असतो तेव्हा जबरदस्त असतो आणि तोंड उघडलं की डळमळतो. पटत नाही? मग ही यादी वाचाच.

वीस मिनिटं मौनव्रत
मोठा झालेला कॉनन पहिलं वाक्य बोलतो तोवर सिनेमाची वीसहून जास्त मिनिटं उलटून गेलेली असतात. तोवर आपण तलवार घडताना पाहतो, गाव जळताना पाहतो आणि ते प्रचंड लाकडी चक्रही पाहतो. गुलाम पोरं ते ढकलत असतात. एकेक गळत जातो, ऋतू बदलतात आणि शेवटी एकटा पिळदार श्वार्झनेगर उरतो. नायकाची अनेक वर्षं एका प्रसंगात, एकाही संवादाविना! पटकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावा असा हा तुकडा आहे.

चोवीस हॉर्नची गर्जना
सुरुवातीच्या संगीतात तब्बल २४ फ्रेंच हॉर्न एकदम वाजतात. संगीतकार बेझिल पोलेडूरिस यांनी रोममध्ये मोठा वाद्यवृंद आणि समूहगायक घेऊन हे ध्वनिमुद्रण केलं. नायक बोलत नाही, पण त्याच्या मनातली आग, प्रेम आणि दुःख सगळं संगीत बोलतं. हळहळ एकाच गोष्टीची: एवढं भव्य संगीत १९८२ मध्ये थिएटरात पोचलं ते साध्या मोनो ध्वनीत.

नर्तकी, सर्फर आणि फुटबॉलपटू
नायिका व्हलेरिया झालेली सँडाल बर्गमन मुळात नर्तकी. सोबती सुबोताई झालेला जेरी लोपेझ हवाईच्या लाटांवरचा नामांकित सर्फर. खलनायकाचा उजवा हात रेक्सॉर झालेला बेन डेव्हिडसन अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू. या मंडळींच्या हालचालींत जी धमक आहे, ती नुसत्या अभिनयातून आली नसती. बर्गमनला तर या भूमिकेसाठी नवोदित अभिनेत्रीचा गोल्डन ग्लोब मिळाला. मात्र संवादांत हीच निवड अंगाशी येते. लोपेझचा आवाज तर चक्क दुसऱ्या अभिनेत्याकडून डब करून घ्यावा लागला.

गुरुजी पडद्यावरही
कलाकारांना तलवार शिकवली जपानी तलवारबाज कियोशी यामाझाकी यांनी. तालमीत इतकी मेहनत घेतली गेली की लढाया खऱ्या वाटतात: तलवारीला वजन जाणवतं, वार चुकला की माणूस तोल जाऊन धडपडतो. कॉननला तलवार शिकवणारा गुरू म्हणून खुद्द यामाझाकीच पडद्यावर दिसतात.

गिधाडाचा चावा
कॉननला वाळवंटातल्या झाडावर खिळे ठोकून लटकवलंय. लचका तोडायला गिधाड येतं आणि कॉनन त्याचाच गळा दाताने फोडतो! श्वार्झनेगरने यासाठी खरोखरच्या मेलेल्या गिधाडाला दात लावले होते. ही कल्पना मूळ कथांचे लेखक रॉबर्ट ई. हॉवर्ड यांची, १९३४ सालच्या एका कथेतली.

खलनायक? नाव काढू नका!
डार्थ व्हेडरला आवाज देणारे जेम्स अर्ल जोन्स इथे थुल्सा डूम झालेत. ते ओरडत नाहीत, धावत नाहीत. कड्यावर उभ्या असलेल्या भक्त मुलीला नुसतं हळुवार बोलावतात आणि ती खाली झोकून देते. पोलादापेक्षा माणसाच्या मनावरची सत्ता मोठी, हे एका क्षणात अंगावर येतं. सबंध सिनेमात बोलण्याने जिंकणारा हा एकच इसम!

छत्तीस फुटी साप
मनोऱ्यातला अजस्र साप म्हणजे ३६ फूट लांबीचं यंत्र. तेव्हा संगणकावर साप बनवायची सोय नव्हती. म्हणूनच श्वार्झनेगर त्याच्याशी झुंजतो तेव्हा दोघंही एकाच जागी आहेत याची खात्री पटते. स्पेनमधल्या आल्मेरियाचं वाळवंट आणि कुएन्काजवळचे अजब आकाराचे खडकही असेच अस्सल. चार दशकांनंतरही हा सिनेमा जुनाट दिसत नाही, तो यामुळेच.

जादू मात्र अर्धवट
आता पडत्या बाजू. डूम एकदा सापाचं रूप घेऊन निसटतो. दृश्य झकास! पण मग निर्णायक लढाईत तो ही विद्या का वापरत नाही? लांडगीचं रूप घेणारी चेटकीण येते, आगीचा गोळा होते आणि गायब. तलवारीचे नियम कळतात, जादूचे कळत नाहीत. त्यामुळे धोका किती मोठा आहे याचा अंदाज येत नाही. मधला भागही रेंगाळतो. मॅक्स व्हॉन सिडोसारखा कसलेला नट राजा म्हणून येतो आणि एका प्रसंगात संपतो.

व्हलेरियावर अन्याय
व्हलेरिया कॉननच्या तोडीस तोड लढते, त्याच्यासाठी मृत्यूच्या भुतांनाही हुसकावते. त्या काळच्या मारधाडपटांत अशी नायिका विरळाच. पण शेवटी पटकथा तिला मारते, ती नायकाच्या सूडाला धार यावी म्हणून. मला हा सिनेमातला सर्वांत मोठा दोष वाटतो.

कागदावरचा कॉनन बोलका!
टेक्सासच्या हॉवर्डनी १९३२ मध्ये ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात कॉननला पहिल्यांदा आणलं आणि १९३६ मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी ते गेले. त्यांचा कॉनन धूर्त, चपळ आणि बोलका आहे. चक्राला जुंपलेलं बालपण त्याच्या वाट्याला आलंच नाही. थुल्सा डूम तर हॉवर्डच्याच दुसऱ्या नायकाचा, राजा कलचा शत्रू! पटकथेचा आधीचा एक खर्डा ऑलिव्हर स्टोन यांचा. त्यात गोष्ट प्रलयानंतरच्या भविष्यात घडत होती आणि विचित्र प्राण्यांच्या फौजा होत्या. मिलियस यांनी ते सगळं छाटून गोष्ट प्राचीन काळात नेली. ही काटछाट सिनेमाच्या पथ्यावर पडली, पण कॉननची हुशारीही त्यात हरवली.

मग बघायचा का?
बेलाशक! रक्तपात आणि नग्नता भरपूर आहे, त्यामुळे मुलांना सोबत बसवू नका. १९८४ चा दुसरा भाग बराच सौम्य आहे आणि २०११ चा जेसन मोमोआचा नवा अवतार फारसा चालला नाही. दोन्हींत धावपळ जास्त, दम कमी. कारण हाणामारीची नक्कल करता येते. पण थांबून, न बोलता गोष्ट सांगायला दिग्दर्शकाचा आपल्या दृश्यांवर विश्वास लागतो. मिलियस यांचा तो होता. म्हणून आवाज मोठा ठेवा आणि पहिल्या वीस मिनिटांत मोबाइलकडे पाहू नका.