परक्याचं पत्र परक्याला

पुण्यातल्या एका शिक्षणसंस्थेचा मेल सर्व्हर पाहायला मी गेले ती संपादकांच्या आग्रहावरून. संस्थेची बरीच महाविद्यालयं, प्रत्येकाचं स्वतःचं डोमेन आणि सगळ्यांचं टपाल एकाच यंत्रावर. ‘आपला मेल जातो कसा’ असा सर्वसाधारण लेख संपादकांना हवा होता. मला मात्र तिथल्या पडद्यावर धावणाऱ्या लॉगमधली एक ओळ सोडवेना. ‘रिले अ‍ॅक्सेस डिनाइड’ ही ती ओळ, आणि ती पुन्हा पुन्हा उगवत होती. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून कोणी तरी येतं, या यंत्राला म्हणतं, हा मेल अमक्याला पोचव, आणि यंत्र नाही म्हणतं. येणाऱ्याचा या संस्थेशी संबंध नसतो, ज्याला पाठवायचं त्याचाही नसतो. असं नाही म्हणायला शिकण्यात ई-मेलच्या जगाची सोळा वर्षं गेली.

एका यंत्राने दुसऱ्याकडे मेल कसा सोपवावा, याची रीत म्हणजे एसएमटीपी. ती जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये लिहून काढली. तेव्हाच्या जाळ्यात प्रत्येक यंत्र प्रत्येकाशी थेट बोलू शकत नसे, म्हणून वाटेतल्या यंत्राने दुसऱ्याचा मेल पुढे न्यावा हे सगळे गृहीतच धरत. याला रिले म्हणतात. मेल कुठल्या कुठल्या यंत्रांतून जावा ती वाट पत्त्यातच लिहून देण्याची सोयसुद्धा त्या रीतीत होती. एरिक ऑलमन यांचं सेंडमेल १९८३पासून बर्कलीच्या युनिक्सबरोबर सगळीकडे पसरलं आणि वर्षानुवर्षं कोणाचाही मेल कोणाकडेही निमूटपणे नेत राहिलं. नव्वदच्या दशकात जाहिरातवाल्यांनी हे हेरलं. एकच मेल, त्यावर हजारो पत्ते, आणि तो सोपवायचा एखाद्या विद्यापीठाच्या सर्व्हरला. प्रती काढण्याचं, पोचवण्याचं आणि शिव्या खाण्याचं काम विद्यापीठाचं. अखेर १९९८मध्ये सेंडमेलच्या ८.९ आवृत्तीपासून रिले मुळातच बंद ठेवण्यात आला. ज्याला हवा त्याने तो जाणूनबुजून उघडावा.

याला विरोध करणारेही होते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या संस्थापकांपैकी जॉन गिलमोर यांनी आपला सर्व्हर हेतुपुरस्सर उघडा ठेवला आणि त्यावरून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीशी भांडण पत्करलं. आपल्या यंत्राने कोणाचं टपाल न्यावं हे आपणच ठरवणार, हे त्यांचं म्हणणं हट्टाचं असलं तरी मला ते तुच्छ वाटत नाही. पुढे काय झालं हे बघताना ते पुन्हा पुन्हा आठवतं.

पुण्यातल्या त्या यंत्रावर पोस्टफिक्स चालतं. ते लिहिणारे वित्से व्हेनेमा मूळचे नेदरलंड्सचे आणि शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ. आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात असताना त्यांनी टीसीपी रॅपर लिहिलं, १९९५मध्ये डॅन फार्मर यांच्यासोबत जाळ्यातल्या यंत्रांच्या फटी शोधणारं सेटन बाहेर काढलं. मग ते न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात गेले. तिथे त्यांनी लिहिलेला मेल सर्व्हर आयबीएमने डिसेंबर १९९८मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. सेंडमेल हा एकसंध मोठा प्रोग्राम होता आणि तो यंत्राच्या सर्वोच्च अधिकाराने चाले, त्यामुळे त्यात एक भोक पडलं की सगळं यंत्र हातचं जाई. नोव्हेंबर १९८८मध्ये मॉरिस वर्म पसरला तेव्हा त्याच्या वाटांपैकी एक सेंडमेलमधूनच होती. व्हेनेमांनी कामाचे लहान लहान तुकडे केले. बाहेरच्यांशी बोलणारा प्रोग्राम वेगळा, पत्ते नीट करणारा वेगळा, रांग सांभाळणारा वेगळा, पुढे पाठवणारा वेगळा. त्यातला कोणीही दुसऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही आणि बाहेरच्यांशी बोलणाऱ्याच्या हाती अधिकार जवळजवळ नसतातच. इतका विचारपूर्वक बांधलेला संशयखोरपणा मी दुसऱ्या कुठल्या प्रोग्राममध्ये पाहिलेला नाही.

हे सगळं सांभाळणारे गृहस्थ पन्नाशीचे. ऑफिसात त्यांना सगळे नुसतं ‘सर्व्हरवाले सर’ म्हणतात. त्यांनी मला टर्मिनल उघडून दिलं आणि म्हणाले, “हातानेच बोला त्याच्याशी. पण इथून नको. बाहेरच्या यंत्रावर लॉगिन होऊन मग जोडा. इथून बोललात तर तो तुम्हाला घरचंच माणूस समजेल.”

मग मी बाहेरून, २५ क्रमांकाच्या पोर्टवर, टेलनेटने त्या सर्व्हरशी बोलले. आधी मी कोण ते सांगायचं, मग पाठवणाऱ्याचा पत्ता, मग घेणाऱ्याचा. पाठवणाऱ्याचा पत्ता मी सरळ खोटा दिला आणि त्याने तो घेतला. २५०, ठीक आहे. घेणाऱ्याचा पत्ता संस्थेच्या एका महाविद्यालयाचा दिला, तोही घेतला. मग एका तिसऱ्याच डोमेनचा पत्ता दिला तेव्हा उत्तर आलं ५५४, ५.७.१, रिले अ‍ॅक्सेस डिनाइड.

सगळा प्रश्न या तिसऱ्या पायरीवरच सुटतो. तोवर मेलचा मजकूर आलेलाही नसतो. सर्व्हर फक्त तीन गोष्टी बघतो. समोरचा माझ्या जाळ्यातला आहे का? नसेल तर त्याने नाव आणि पासवर्ड देऊन ओळख पटवली आहे का? तेही नसेल तर निदान ज्याला पाठवतोय तो माझ्याकडचा आहे का? तिन्हींना ‘नाही’ असेल तर दार बंद. पाठवणाऱ्याच्या पत्त्याला इथे काही किंमत नाही, कारण तो कोणीही काहीही लिहू शकतं. पण नियम लिहिणाऱ्याला नेमका याचाच मोह होतो. अमक्या ग्राहकाचे मेल स्पॅम समजून अडतात, म्हणून त्याच्या पत्त्याला ‘ओके’ लिहून नियमांच्या यादीत वर टाकायचं. पोस्टफिक्स नियम वरून खाली वाचतं. ‘ओके’ भेटलं की खालचा रिले अडवणारा नियम वाचलाच जात नाही, आणि त्या ग्राहकाचा पत्ता खोटा लावणाऱ्या कोणालाही सर्व्हर सताड उघडा मिळतो. २०१३च्या २.१० आवृत्तीत व्हेनेमांनी रिलेचे नियम स्पॅमच्या नियमांपासून वेगळ्या यादीत काढले ते यासाठीच. एक यादी चुकली तरी दुसरी दार धरून ठेवते.

आणि सर्व्हर मेल घेतो तेव्हा काय करतो तेही पाहण्यासारखं आहे. मजकूर संपला की लगेच तो ‘२५०’ म्हणत नाही. आधी मेल रांगेतल्या फाइलमध्ये लिहितो, ती खरोखर डिस्कवर उतरली याची खात्री करून घेतो आणि मगच होकार देतो. कारण त्या होकारानंतर जबाबदारी त्याची. पुढचं यंत्र बंद असेल तर मेल रांगेत ठेवायचा, पाच मिनिटांनी पुन्हा बघायचं, मग अंतर वाढवत तासाभराच्या थोडं पुढे न्यायचं, आणि पाच दिवस प्रयत्न करून नाहीच जमलं तर पाठवणाऱ्याला तसं कळवायचं. वीज जाऊन सर्व्हर मध्येच बसला तरी तो उठल्यावर रांग जिथल्या तिथे असते.

आता डोमेनांकडे. पूर्वी संस्थेचं एकच डोमेन होतं आणि पत्ता म्हणजे यंत्रावरचं खातं. पुढे महाविद्यालयं वाढली, प्रत्येकाला आपलं नाव हवं झालं. आधी कोणी तरी ती सगळी डोमेनं ‘मायडेस्टिनेशन’ या एकाच ओळीत टाकली होती. पोस्टफिक्सच्या लेखी त्याचा अर्थ, या सगळ्या नावांचे लोक एकच. अभियांत्रिकीच्या ‘प्रिन्सिपल’ला पाठवलेला आणि वाणिज्यच्या ‘प्रिन्सिपल’ला पाठवलेला मेल एकाच पेटीत पडायचा. जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडं असावीत आणि बाहेर एकच पाटी, तसा प्रकार. ज्याला व्हर्च्युअल डोमेन म्हणतात ते म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडाची आपली पाटी आणि आपली पेटी. यंत्र एकच, पण प्रत्येक डोमेनच्या पत्त्यांचा तक्ता स्वतंत्र.

पोस्टफिक्समध्ये प्रत्येक पत्ता पाच वर्गांपैकी एकात बसतो. यंत्राचा स्वतःचा, नुसता दुसरीकडे वळवायचा, स्वतंत्र पेटी असलेला, दुसऱ्या सर्व्हरसाठी घेऊन पुढे द्यायचा, आणि उरलेलं सगळं जग. एक डोमेन एकाच वर्गात हवं. दोन ठिकाणी लिहिलं की लॉग बजावतो, हे डोमेन दोन्हीकडे लिहू नका, पण मेल चालूच राहतात, त्यामुळे तिकडे कोणी बघत नाही. मग नव्या तक्त्यात नीट लिहिलेल्या पत्त्यालाही ‘युजर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल’ असं उत्तर जातं आणि माणूस तक्ता तपासत बसतो. तक्ता बरोबरच असतो. सर्व्हर तो वाचतच नसतो, कारण डोमेन आधीच ‘मायडेस्टिनेशन’ने आपलं म्हटलेलं असतं. सर म्हणाले, “उत्तरात कुठल्या टेबलचं नाव आलंय ते आधी वाचा. भांडण कुठे आहे ते त्यातच असतं.”

उलट बाजूची चूकही तितकीच नेहमीची. डोमेनचा एमएक्स, म्हणजे त्याचं टपाल कुठल्या यंत्राकडे द्यायचं ती नोंद, या यंत्राकडे वळवला, पण सर्व्हरला सांगायचंच राहिलं. बाहेरून आलेल्याला ‘रिले डिनाइड’. आतून पाठवलं तर सर्व्हर एमएक्स शोधतो, त्याला स्वतःचाच पत्ता सापडतो आणि ‘मेल लूप्स बॅक टू मायसेल्फ’ म्हणून तो थांबतो. तक्ता बदलून ‘पोस्टमॅप’ चालवायला विसरणं तर रोजचं. मजकुराची फाइल नवी, सर्व्हर वाचतो ती तिच्यावरून बनवलेली जुनी. म्हणून सर बदल केला की आधी ‘पोस्टमॅप’लाच तो पत्ता विचारतात आणि उत्तर बघूनच पुढे जातात. तक्त्यात न सापडलेलं सगळं एका पेटीत टाकण्याची सोय मात्र त्यांनी ठाम बंद ठेवली आहे. तिने प्रत्येक काल्पनिक पत्ता खरा ठरतो. आणि दुसऱ्या सर्व्हरसाठी मेल घेताना तिथे कोण कोण आहे हे माहीत नसेल तर सगळं घेऊन मग ‘असा माणूस नाही’ म्हणून परत पाठवावं लागतं. ते परतीचं पत्र ज्याचा पत्ता चोरला गेला त्या निरपराध माणसाच्या डोक्यावर आदळतं.

इथपर्यंतच्या चुका आपल्या हातातल्या. लॉग नीट वाचला की त्या सापडतात. मला काळजी वाटते ती पुढच्यांची.

पहिली अडचण ‘घरचा कोण’ हीच. आता सर्व्हर कंटेनरमध्ये किंवा लोड बॅलन्सरच्या मागे चालतात. जोडणी मध्येच कोणी तरी आपल्या नावावर घेतली तर बाहेरचा प्रत्येक जण आतल्याच आयपीवरून आल्यासारखा दिसतो. नियम अक्षर न् अक्षर बरोबर असतात, सर्व्हर इमानाने घरच्या माणसाला वाट देतो आणि जगातला प्रत्येक जण घरचा ठरलेला असतो. सरांनी मला बाहेरून जोडायला का सांगितलं ते मला तेव्हा पुरतं कळलं.

दुसरी अडचण अधिक दुखरी, कारण तिथे कोणाचीच चूक नाही. अनेक प्राध्यापकांना संस्थेचा पत्ता हवा, पण मेल जीमेलवरच वाचायचे असतात. व्हर्च्युअल तक्त्यात एक ओळ लिहिली की मेल तिकडे वळतो. हे अनेक वर्षं सुरळीत चाललं. पण एसपीएफ विचारतं, या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी या आयपीला आहे का? वळवलेला मेल पाठवणाऱ्याचं मूळ नाव घेऊन आपल्या आयपीवरून जातो आणि परवानगी नसते. लिफाफ्यावरचा पत्ता नव्याने लिहिणारी एसआरएस नावाची तोड आहे, तिने एसपीएफपुरतं भागतं. पाठवणाऱ्या डोमेनने मेलवर केलेली डीकेआयएम ही डिजिटल सही मजकुराला धक्का लागला नाही तर टिकते, पण शेवटी संस्थेच्या सूचनेची ओळ जोडली की तीही मोडते. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहू मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांकडून हे सगळं सक्तीने मागतात. जीमेलच्या मोजणीत दिवसाला ५,००० मेल म्हणजे मोठी संख्या. शिवाय प्राध्यापकांकडे येणारं स्पॅमही त्याच ओळीतून पुढे जातं आणि ते पाठवल्याचा ठपका संस्थेच्या आयपीवर बसतो. परक्यांसाठी दार लावून घेतलं तरी आपल्याच माणसांसाठी केलेल्या या रिलेची शिक्षा चुकत नाही.

तिसरी, पत. आयपीचं उलटं नाव जुळलेलं, सह्या बरोबर, लॉगमध्ये समोरच्या सर्व्हरचं ‘२५०’ही दिसतं, आणि तरी मेल स्पॅमच्या पेटीत जातो. का, हे कोणी सांगत नाही. लॉगमध्ये त्याची ओळच नसते. सरांची सगळी विद्या ओळी वाचण्याची. त्यांच्याकडे प्रवेशाच्या दिवसांत पालकांचे फोन येतात, मेल आला नाही म्हणून, आणि त्यांच्या पडद्यावर तो पोचलेला असतो.

संस्थेत आता एक प्रस्ताव आहे. येणारे मेल इथेच घ्यायचे आणि जाणारे सगळे एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हरकडे सोपवायचे. पोस्टफिक्समध्ये त्यासाठी ‘रिलेहोस्ट’ ही एक ओळ, वर नाव-पासवर्ड आणि दरमहा पैसे. पत त्या कंपनीची, म्हणून मेल पोचतील. सरांनी प्रस्तावाला विरोध केलेला नाही, पालकांना उत्तर द्यायचं तर दुसरा मार्ग त्यांनाही दिसत नाही. मला मात्र यात जाणारी गोष्ट फार मोलाची वाटते. आज कोणी विचारलं तर सर रांगेतल्या क्रमांकावरून त्या एका मेलचा माग काढतात. कधी आला, कोणत्या तक्त्याने वळवला, समोरच्या कुठल्या यंत्राने कोणत्या सेकंदाला तो घेतला, काय शब्दांत घेतला, सगळं सांगतात. रिलेहोस्ट लागला की त्यांच्या लॉगमधली प्रत्येक जाणाऱ्या मेलची शेवटची ओळ त्या कंपनीने दिलेल्या ‘२५०’ची असेल. त्यापुढचं विचारायला त्यांना कंपनीच्या पानावर लॉगिन व्हावं लागेल आणि कंपनी जेवढं दाखवेल तेवढंच पालकांना सांगावं लागेल.