‘टॅपेट’ : एक शब्द, दोन यंत्रभाग

डिलाईल रोडवरील एका गॅरेजात गेल्या वर्षी एक जुनी शेव्रोलेट दुरुस्तीस आली होती. एंजिनाची टकटक थांबविण्यासाठी तरुण कारागिराने फिलर हाती घेतला, तोच वृद्ध मिस्त्री म्हणाले, “अरे, टॅपेट सॉलिड आहे की हायड्रॉलिक, ते आधी बघ.”

या विशेषणांची मुंबईच्या कारागिरास सहसा गरज पडली नाही. ज्या पद्मिनी आणि अँबॅसडर गाड्यांवर त्याचा हात बसला, त्या दोहोंचे टॅपेट भरीवच होते. त्यामुळे ‘टॅपेट सेट करणे’ म्हणजे ‘फट ठेवणे’ असा अर्थ रूढ झाला. भरीव टॅपेटास ती फट हवीच. उष्णतेने भाग प्रसरण पावतात, आणि फट नसल्यास व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही व जळतो. हायड्रॉलिक टॅपेटात मात्र पोकळ नळीत एक दट्ट्या असतो. एंजिनाचे तेल त्याखाली भरून फट आपोआप नाहीशी करते. तेथे बाहेरून फट ठेवणे म्हणजे आवाज व झीज ओढवून घेणे होय.

गाडीच्या नावावरून निर्णय होत नाही. १९५० च्या शेव्रोलेटमध्ये स्वयंचलित ‘पॉवरग्लाइड’ गिअर असल्यास टॅपेट हायड्रॉलिक, हाताचा गिअर असल्यास भरीव! रॉकरवरील स्क्रूही पुरावा नव्हे, कारण तो या दोन्ही प्रकारांत आढळतो. आवाजाचेही तसेच. भरीव टॅपेट थोडा वाजतोच, आणि हायड्रॉलिकही तेल भरेपर्यंत क्षणभर वाजतो.

खात्रीची कसोटी हाताची आहे. एंजिन बंद करून, ज्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतील त्याच्या रॉकरचे पुशरॉडकडील टोक जोराने दाबून धरावे. हायड्रॉलिक असल्यास ते सावकाश खचते. भरीव असल्यास फटीपुरते हलून तेथेच थांबते. टॅपेट बाहेर काढलेला असेल तर प्रश्नच नाही. दट्ट्या अडवून धरणारी तारेची कडी वरच्या तोंडाशी दिसते.

ही कसोटी एकाच रॉकरवर घेऊन भागत नाही, असे माझे मत त्या दिवशी बनले. बारांपैकी अकरा रॉकर दाबताच खचले. बाराव्यात स्पष्ट फट होती, आणि तो न खचता खडखडला. तेवढाच पाहिला असता तर एंजिन भरीव टॅपेटाचे ठरले असते. टॅपेट काढला, तेव्हा त्याचा दट्ट्या तेलाच्या गाळाने आत रुतलेला निघाला. धुऊन बसविल्यावर टकटक थांबली. फिलर पेटीतच राहिला.